बेटांच्या शेजाराचा हिशेब

पंतप्रधान मालदीव, श्रीलंका, मॉरिशस किंवा सेशेल्सला गेले की आपल्याकडे वाद ठरलेल्या चाकोरीतून सुरू होतो. एक बाजू विमानाचा खर्च काढते आणि देशात एवढे प्रश्न असताना बेटांवर जायला वेळ कसा मिळतो, असं विचारते. दुसरी बाजू विमानतळावरच्या गळाभेटी, गळ्यात पडलेली पदकं आणि ‘चीनला चपराक’ असे मथळे पुढे करते. २०२५च्या मार्चमध्ये मॉरिशस, एप्रिलमध्ये श्रीलंका आणि जुलैमध्ये मालदीव असे दौरे झाले, आणि तिन्ही वेळा हेच ऐकायला मिळालं. माझं म्हणणं सरळ आहे. हे दौरे व्हायलाच हवेत. आधीच्या तीन-चार दशकांत ते फार कमी झाले, ही देशाने केलेली मोठी हेळसांड आहे. पण दौऱ्याचं यशापयश ज्या मापांनी मोजलं जातंय, ती दोन्ही मापं खोटी आहेत. दोन भेटींच्या मधल्या काळात काय चालू राहिलं, ते कोणाच्या कामी आलं आणि ते ठरवताना किनाऱ्यावरच्या माणसाला कोणी विचारलं का, हे पाहायला हवं. असा हिशेब मागण्याचा हक्क दिल्लीतल्या विश्लेषकांइतकाच कोकणातल्या हर्णै, मिरकरवाडा आणि मालवणच्या लोकांनाही आहे.

आधी ‘जायचंच कशाला’ हा प्रश्न घेऊ. मार्च २०१५मध्ये नरेंद्र मोदी सेशेल्सला गेले, ती भारतीय पंतप्रधानांची ३४ वर्षांतली पहिली द्विपक्षीय भेट होती. त्याच दौऱ्यात ते पुढे श्रीलंकेला गेले. तिथे सार्क परिषदांची निमित्तं सोडली, तर १९८७नंतर एकही भारतीय पंतप्रधान केवळ श्रीलंकेशी बोलायला म्हणून गेला नव्हता. म्हणजे २८ वर्षं. या काळात काँग्रेसची सरकारं आली, आघाड्यांची आली, भाजपचंही आलं. सगळ्यांनीच हे शेजारी गृहीत धरले. त्याच काळात हू जिंताओ २००७मध्ये सेशेल्सला आणि २००९मध्ये मॉरिशसला जाऊन आले, २०११मध्ये चीनने मालदीवच्या राजधानीत, मालेत, दूतावास उघडला, आणि २०१४मध्ये शी जिनपिंग मालदीव व श्रीलंकेला लागोपाठ भेट देऊन गेले. चिनी कर्जातून उभं राहिलेलं श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर २०१७मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीच्या हाती गेलं. आपण वेळेवर गेलो असतो तर हे सगळं टळलं असतं, असा माझा दावा नाही. पण जो शेजारी पाव शतक खास भेटीला म्हणून फिरकलाच नाही, त्याला विचारून कोणी निर्णय घ्यावेत ही अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची? सोयरीक जमवायला एकदा जाऊन भागतं, ती टिकवायला मात्र सणावाराला, दुखल्याखुपल्याला जावं लागतं.

देश लहान आहेत, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असंही म्हटलं जातं. सेशेल्सची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आसपास. सिंधुदुर्ग जिल्ह्यात त्याच्या सहापट तरी माणसं राहतात. पण त्या सव्वा लाख लोकांच्या देशाचं अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्यातल्या मासळी-खनिजांवर फक्त त्याचा हक्क असा समुद्र, तेरा लाख चौरस किलोमीटरहून मोठं आहे, भारताच्या एकूण भूभागाच्या एक तृतीयांशाहून जास्त. समुद्रावरचं मोठेपण डोकी मोजून ठरत नाही, हे कोकणाला तरी कोणी शिकवायची गरज नसावी. १६७९मध्ये शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावरचं खांदेरी हे ओसाड बेट घेऊन तिथे तटबंदी सुरू केली, तेव्हा मुंबईचे इंग्रज हादरले. बेटावर पिकत काही नव्हतं. पण मुंबईत शिरणारं प्रत्येक गलबत तिथून दिसत होतं. मराठा आरमाराचे मायनाक भंडारी आणि दौलतखान यांनी इंग्रजी जहाजांचा वेढा चुकवत, रात्रीच्या वेळी लहान होड्यांतून रसद पोहोचवत ते बेट राखलं. लगोलग १६८०च्या जानेवारीत जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचं उंदेरी गाठलं आणि तिथून खांदेरीवर तोफा रोखल्या. एक बेट हाती आलं, पण पलीकडचं मोकळं राहिलं, त्याचा जाच मराठ्यांना पुढे कित्येक वर्षं झाला. त्या दोन खडकांचं क्षेत्रफळ काढून कोणी त्यांची किंमत ठरवली असती का?

आणि जुना इतिहास नको असेल, तर १९९३ आठवा. श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं मेली. २००८मध्ये ‘कुबेर’ ही मासेमारी नौका ताब्यात घेऊन दहशतवादी मुंबईपर्यंत आले. दोन्ही वेळा नंतर झाडाझडती झाली ती आपल्याच मच्छीमारांची. ओळखपत्रं, नौकांचे रंग, नोंदी, तपासण्या सगळं त्यांच्या वाट्याला आलं. खोल समुद्रात कोणतं जहाज कुठे चाललंय याची माहिती एकट्या भारताला आपल्या किनाऱ्यावरून मिळत नाही. सेशेल्स, मॉरिशस, श्रीलंका, मालदीव इथे भारताच्या मदतीने उभारलेली किनारी रडार, आणि माहितीच्या देवाणघेवाणीसाठी २०१८मध्ये गुरुग्रामला सुरू झालेलं केंद्र, ही दौऱ्यांमधून आणि करारांमधून हळूहळू जमलेली कमाई आहे. तिला मथळे मिळत नाहीत. शेखाडीच्या माणसाला तिचा अर्थ कळतो.

आता पैशाचा आक्षेप. तो हलका नाही. जुलै २०२५मध्ये मालदीवसाठी ४,८५० कोटी रुपयांच्या कर्जाची घोषणा झाली, तेव्हा आपल्याकडे मासेमारी बंदीचे दिवस होते. नौका वर ओढलेल्या, ताडपत्रीच्या आडोशाला जाळी पसरलेली, जाळ्याचे तुटलेले आस (डोळे) सुई-दोऱ्याने एकेक करून सांधायचं काम चाललेलं. अशाच एका बैठकीत देवगडकडच्या एका तांडेलाचे, म्हणजे नौकेच्या म्होरक्याचे, शब्द ऐकले: “थंय चार हजार कोटी दितत, आणि हंय जेटयेर साधो दिवो पेटणा नाय.” त्याच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. खाडीच्या तोंडाशी गाळ साचतो, ओहोटीला नौका आत घेता येत नाही, डिझेलचा परतावा वेळेवर येत नाही, आणि देवगडच्या आनंदवाडी बंदराची घोषणा ऐकत एक पिढी म्हातारी झाली. त्याहून झोंबणारा दाखला घाटमाथ्यावरच्या कांद्याचा आहे. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली. त्या बंदीतही मित्रदेशांना कांदा देणं चालूच होतं. एप्रिल २०२४मध्ये सरकारनेच सांगितलं की सहा देशांना मिळून ९९,१५० टन कांद्याला परवानगी आहे, आणि त्यांत श्रीलंका व मॉरिशस होते. शेजाऱ्याची गरज भागली हे चांगलंच झालं. पण मोकळा बाजार बंद असताना कमी भावाचा भार नाशिक-नगरच्या शेतकऱ्याने सोसला. शेजारधर्म सरकारने पाळायचा आणि त्याची झळ एकाच वर्गाने सोसायची, हे न्यायाचं नाही. यावर दौऱ्यांच्या समर्थकांकडे उत्तर नाही, आणि ते शोधण्याची घाईही त्यांना दिसत नाही.

तरीही ‘ते पैसे इकडे आले असते’ हा युक्तिवाद टिकत नाही. ४,८५० कोटी ही देणगी नसून कर्जमर्यादा आहे. अशा कर्जातून होणाऱ्या कामांचा मोठा हिस्सा साधारणपणे भारतीय कंपन्यांकडून आणि भारतीय मालातूनच पुरा करायचा असतो. ही कर्जं पूर्ण वसूल होतातच असं मात्र नाही. त्याच भेटीत मालदीवच्या आधीच्या कर्जाचा वार्षिक हप्ता ५ कोटी १० लाख डॉलरवरून २ कोटी ९० लाखांवर आणला गेला. ती सवलत आपण दिली, आणि ती दिली हे उघडपणे सांगायलाही हवं. पण जेटीवरचा दिवा त्या सवलतीमुळे विझला का? पंतप्रधान ज्या २८ वर्षांत खास श्रीलंकेसाठी म्हणून गेले नाहीत, त्या २८ वर्षांत कोकणातल्या जेट्या झळाळून निघाल्या होत्या का? दिवा अडतो तो इथल्याच कार्यालयांतल्या फायलींमध्ये, निविदा आणि फेरनिविदांमध्ये. त्याचा राग मालेवर काढला की इथला जबाबदार माणूस सुटतो.

दुसरा आक्षेप कृतघ्नतेचा. नोव्हेंबर १९८८मध्ये मालेत भाडोत्री सैनिकांनी उठाव केला, तेव्हा आग्र्याहून उडालेले भारतीय छत्रीधारी जवान काही तासांत मालेशेजारच्या हुलुले बेटाच्या धावपट्टीवर उतरले आणि अध्यक्ष गयूम यांचं सरकार वाचलं. २००४च्या त्सुनामीत आपलं नौदल तिथे पोहोचलं. डिसेंबर २०१४मध्ये मालेतला खारं पाणी गोडं करणारा प्रकल्प आगीत बंद पडला, तेव्हा विमानांनी आणि जहाजांनी पिण्याचं पाणी पाठवलं. एवढं करून २०२३मध्ये तिथले मतदार ‘इंडिया आउट’ म्हणणाऱ्या मोइज्जूंना अध्यक्ष म्हणून निवडून देतात, आणि जानेवारी २०२४मध्ये तिथले उपमंत्री आपल्या पंतप्रधानांविषयी अर्वाच्य लिहितात. संताप येणं स्वाभाविक आहे. मलाही आला होता. पण उपकाराच्या बदल्यात आज्ञाधारकपणा मिळावा ही अपेक्षा कोणत्या लहान राज्याने कधी पुरी केली? जंजिऱ्याच्या सिद्दीकडे पाहा. आधी आदिलशाहीची चाकरी, मग १६७०च्या सुमारास मुघलांची, गरजेप्रमाणे इंग्रजांशी सूत. चारी बाजूंनी मोठ्या सत्ता असताना ते चिमुकलं राज्य १९४८पर्यंत टिकलं, ते कोणा एकाच्या पायाशी न बसल्यामुळे. सावंतवाडीकरांनाही पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज यांच्यामध्ये हाच खेळ खेळावा लागला. आपण त्याला मुत्सद्दीपणा म्हणतो. मग मालदीवने दिल्ली आणि बीजिंग दोघांशी बोलणं ठेवलं, तर ती बेइमानी कशी?

त्या जानेवारीत मालदीववर बहिष्कार घाला आणि सुट्टीला लक्षद्वीपला किंवा तारकर्लीला या, अशी लाट आली. कोकणातल्या काही जणांनाही ती गोड वाटली. २०२३मध्ये मालदीवला गेलेल्या परदेशी पर्यटकांत भारतीय पहिल्या क्रमांकावर होते, त्यामुळे झळ तिथे नक्की बसली. पण ती बसली कोणाला? हॉटेलात काम करणाऱ्याला आणि बोट चालवणाऱ्याला. ज्याने ते शेरे लिहिले त्याला नव्हे. दरम्यान सरकार काय करत होतं? ते शांतपणे वाटाघाटी करत होतं. आपले गणवेशातले जवान मे २०२४पर्यंत परत आले, त्यांच्या जागी नागरी तंत्रज्ञ गेले आणि आजारी माणसाला दूरच्या बेटावरून मालेला आणणारी हेलिकॉप्टरं उडत राहिली. ऑक्टोबरमध्ये मोइज्जू दिल्लीला आले, तेव्हा ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा करार झाला. नऊ महिन्यांनी पंतप्रधान मालेला गेले. या साऱ्या काळात राज्यकर्त्यांनी दाखवलेला संयम त्यांच्याच कट्टर समर्थकांनी दाखवला नाही, आणि आज तेच समर्थक या संयमाच्या फळाला आपल्या आक्रमकपणाचा विजय म्हणतात.

सर्वांत वजनदार आक्षेप तिसरा आहे: दौऱ्यांनी आणि करारांनी कधीकधी घात केला आहे. २९ जुलै १९८७ला राजीव गांधींनी श्रीलंकेतला सिंहली-तमिळ संघर्ष थांबवण्यासाठी कोलंबोत करार केला. दुसऱ्या दिवशी मानवंदना घेताना एका नौसैनिकाने त्यांच्यावर रायफलचा दस्ता उगारला. करारानंतर तिथे गेलेल्या भारतीय शांतिसेनेतले सुमारे १,२०० जवान त्या बेटावर पडले, १९९०मध्ये सैन्य परतलं, आणि १९९१मध्ये श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. यापुढे ‘दौरे चांगलेच असतात’ असं कोण म्हणेल? पण त्या शोकांतिकेतून न जाण्याचा धडा काढला गेला, तो चुकीचा होता. करार झाला होता कोलंबोतल्या सरकारशी. सिंहली जनतेला तो लादलेला वाटला आणि ज्या तमिळांसाठी म्हणून तो केला, त्यांच्यातल्या लढणाऱ्यांनी तो मनापासून कधी मानलाच नाही. सेशेल्समध्येही हेच लहान प्रमाणात घडलं. तिथल्या अझम्पशन बेटावर भारताने लष्करी सुविधा उभारण्याचा करार २०१५मध्ये झाला, सुधारून २०१८मध्ये पुन्हा झाला, आणि तिथल्या संसदेत विरोधकांपुढे अडकून पडला. एका सत्ताधाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून देशाची मैत्री मिळत नाही. एप्रिल २०२५मध्ये कोलंबोत पंतप्रधान विरोधी पक्षनेत्यांना आणि तमिळ नेत्यांनाही भेटले, ही त्या दौऱ्यातली सर्वांत शहाणी गोष्ट होती. मिळालेल्या पदकाच्या बातमीपुढे ती कुठल्या कुठे गेली.

म्हणून समर्थकांनाही सांगणं आहे: पदकं मोजू नका, अडचणीच्या दिवसाकडे पाहा. २०२२मध्ये श्रीलंकेत पेट्रोल आणि औषधं संपली, तेव्हा भारताने सुमारे चार अब्ज डॉलरची मदत उभी केली. २०२०मध्ये ‘वाकाशिओ’ जहाजातलं तेल मॉरिशसच्या प्रवाळांवर पसरलं, तेव्हा तटरक्षक दलाचं पथक आणि ३० टन सामग्री गेली. या जमेच्या बाजू आहेत. पण मे २०२१ही आठवायला हवा. तौक्ते वादळाने कोकण झोडपलं त्याच आठवड्यात ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज कोलंबोबाहेर पेटलं. त्यावरच्या एका कंटेनरमधून नायट्रिक अॅसिड गळत होतं आणि तो उतरवून घेण्याची विनंती कतारच्या हमाद आणि आपल्या हजिरा बंदरात नाकारली गेली होती. जहाज बुडालं, प्लास्टिकचे मणी श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पसरले, तिथल्या मच्छीमारांचा धंदा बसला. आग विझवायला आपलं तटरक्षक दल धावून गेलं, हे खरं. पण आग लागण्याआधी तो कंटेनर कोणी कुठे उतरवायचा, याचा करार शेजाऱ्यांमध्ये का नव्हता? उद्या असं जहाज जयगडसमोर किंवा रेडीसमोर आलं तर? दौऱ्यांच्या विषयपत्रिकेवर हवं ते हे.

आणि इथे मला आपल्याच लोकांना न आवडणारी गोष्ट मांडायची आहे. श्रीलंकेच्या दौऱ्याची बातमी आली की रामेश्वरमच्या मच्छीमारांची अटक पुढे येते, आणि आपण मच्छीमार म्हणून आपोआप त्यांच्या बाजूला उभे राहतो. अटक झालेले खलाशी रोजंदारीची गरीब माणसं आहेत. त्यांना तुरुंगात डांबणं, त्यांच्या नौका जप्त करणं, त्यांच्यावर गोळीबार होणं कशाचंही समर्थन होऊ शकत नाही. पण ते ज्या ट्रॉलरवर असतात, तो समुद्राचा तळ खरवडत जातो. श्रीलंकेने २०१७मध्ये तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर कायद्याने बंदी घातली. सव्वीस वर्षांच्या युद्धातून उठलेला, उत्तर श्रीलंकेतल्या जाफनाचा लहान मच्छीमार रात्री जाळी टाकतो आणि पहाटे ती ट्रॉलरने फाडलेली मिळतात. हे वाचून मालवण, सर्जेकोट, आचऱ्याच्या माणसाला काही आठवत नाही का? परराज्यांतले हायस्पीड ट्रॉलर आपल्या पाण्यात शिरून जाळी तोडून नेतात, म्हणून आपण किती वर्षं ओरडतोय? रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला) बांगडा मिळेना, म्हणून पर्ससीनवर, म्हणजे मोठ्या घेरजाळ्यांवर, २०१६मध्ये निर्बंध आणायला लावले, २०१७मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आली, २०२१मध्ये राज्याच्या कायद्यातले दंड वाढले, तरी रात्री समुद्रावर दिव्यांची रांग दिसतेच. मग या प्रश्नात कोकणचा पारंपरिक मच्छीमार कोणाचा भाऊ, रामेश्वरमच्या ट्रॉलरमालकाचा की जाफनाच्या होडीवाल्याचा? देशभक्तीच्या नावाखाली हा प्रश्न टाळला, तर स्वतःच्या किनाऱ्यावरचा युक्तिवाद आपण स्वतःच्या हाताने मोडतो.

मालदीवमध्ये कुपा (ट्यूना) गळाने पकडतात, एका गळाला एक मासा. ट्रॉलिंग आणि पर्ससीनला तिथे मनाई आहे. पाच लाख लोकसंख्येच्या, खोल समुद्राने वेढलेल्या देशाची पद्धत जशीच्या तशी इथे चालणार नाही. आपली उथळ किनारपट्टी वेगळी, शेकडो जातींची मासळी वेगळी, पोटं जास्त. तरी लहान नौकेची मासळी जगाच्या बाजारात वेगळी ओळख सांगून चांगल्या भावाने कशी विकायची, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. जुलै २०२५मध्ये मालेत झालेल्या करारांत एक मत्स्यव्यवसाय आणि मत्स्यशेतीचा होता. कर्जाच्या आकड्यावर रान पेटवणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याचा उल्लेख केला?

मॉरिशसबद्दल तर कोकणाने तक्रारच करायला हवी. १८३४पासून करारबद्ध मजूर तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले, त्यात मुंबईहून चढलेले रत्नागिरी-सावंतवाडीकडचे लोकही होते. आजही त्यांच्या वंशजांच्या गणपतीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, मराठी शाळेत शिकवली जाते, आणि गणपतीपुढे झाकरी नाचतात, जी आपल्या कोकणातल्या जाखडी नाचाची सख्खी बहीण. मार्च २०२५च्या दौऱ्यात मॉरिशसमधल्या सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या लोकांना ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत देतो ते) मिळण्याची वाट खुली झाली. भाषणं मुख्यतः भोजपुरी आणि बिहारच्या नात्याभोवती फिरली; संख्येने ते मोठे आहेत, त्यांचा मान पहिला, यात वाद नाही. पण सातव्या पिढीच्या माणसाला आपलं गाव शोधायला रत्नागिरीत यावंसं वाटलं, तर इथे कोणत्या दप्तराशी त्याला नेऊन उभं करणार? तिकडच्या मजूर-नोंदी मॉरिशसमधल्या मोका या गावच्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. इकडची गावनिहाय जोडणी करायचं काम दिल्ली करणार नाही. ते राज्य सरकारने आणि कोकणातल्या महाविद्यालयांनी अंगावर घ्यायचं आहे, आणि त्याला कोणाच्या दौऱ्याची वाट पाहावी लागत नाही.

तेव्हा रायगड आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खासदारांनी संसदेत दौऱ्याच्या खर्चाचा प्रश्न जरूर विचारावा, पण त्यासोबत आणखी तीन विचारावेत. मालदीवबरोबरच्या मत्स्य कराराखाली शिष्टमंडळ जाणार असेल, तर त्यात महाराष्ट्राच्या मच्छीमार सहकारी संस्थांचे किती लोक असतील? गळती लागलेल्या जहाजाला कोणत्या बंदराने आसरा द्यायचा, याबद्दल श्रीलंकेशी बोलणी कुठवर आली? आणि पुढच्या वेळी मित्रदेशांसाठी कांदा राखून ठेवला, तर शेतकऱ्याला भावातला फरक सरकार देणार का?